लॅपटॉपातलं पाव्हणं

माणसाला ऐकू येतं की नाही, हे ओळखायची अण्णांची एक तऱ्हा होती आणि ती कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की अण्णा त्याच्या पाठीमागं जाऊन उभे राहायचे, खिडकीतून खाली शहागंजातली गर्दी बघतोय असं दाखवायचे आणि एकदम बारीक आवाजात म्हणायचे, "चहा घेणार का?"

गिऱ्हाईकानं मान वळवून "नको, आत्ताच झाला" म्हटलं, की अण्णा त्याला तिथूनच वाटेला लावायचे. "कान ठणठणीत हायेत तुमचे. घरी मंडळींना सांगा, ऐकू येतंय, ऐकायचं नाय एवढंच." मान वळली नाही तर दुसरी पायरी, आणि ती जरा नाजूक होती. एकदा एक रिटायर्ड हेडमास्तर आले होते. चहाला वळले नाहीत. अण्णा तितक्याच बारीक आवाजात म्हणाले, "कलप बरा बसलाय, पण मानेवर राहून गेला." मास्तर ताडकन उठले आणि काय बोलता म्हणून अण्णांवर धावले. अण्णा शांत. "बगा, कान चांगलाय. फुकटचा चहा घ्यायची सवय नाय म्हणून वळला नव्हता." अशानं धंदा कसा चालायचा हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण चालायचा. ज्याला कानाचं मशीन लागणार नाही त्याला अण्णांनी ते कधी विकलं नाही, आणि हे साऱ्या शहागंजाला माहीत होतं.

मी त्यांच्या दुकानात लागले ती कान तपासायचा कोर्स करून, पांढरा कोरा कोट घालून. पहिल्याच दिवशी "सर" म्हणून हाक मारली, तर अण्णा खुर्चीसकट बाजूला झाले. मला काही कळेना. "सर म्हणलीस ना? सरलो." त्यानंतर मी परत कधी सर म्हटलं नाही. सगळे अण्णा म्हणायचे, मीही म्हणायला लागले.

अण्णा मूळचे वेरूळच्या पलीकडच्या एका वाडीचे, धनगराच्या घरातले. भाऊबंद अजून मेंढरं राखतात. हे शिकले, शहरात आले, कानाच्या मशिनांच्या धंद्यात पडले, पण मेंढरं काही अंगातून गेली नाहीत. कान तपासायला एक बंद खोली लागते, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. बाकीचे लोक ती तयार आणतात. अण्णांनी ती घोंगड्यांनी मढवली होती. भिंतींना घोंगडी, छताला घोंगडी, दाराला आतून घोंगडी. आवाज अडायचा, त्यात वाद नाही. खाली बांगडीवाल्याची आणि रिक्षावाल्याची जुंपली तरी आत शुकशुकाट. पण वास असा यायचा, की एक बाई आतून ओरडल्या, "अहो, मशीनमधून मेंढरांचा वास येतोय!" अण्णांना ही आपल्या खोलीची तारीफ वाटली.

बोलायचे कायम हळू. रागावले तरी हळू. "ओरडून बोललं की समोरच्याचा कान जातो आन आपलं डोकं," म्हणायचे. बँकेत, रिक्षात, मंडईत सगळीकडं हाच आवाज. भाजीवाला त्यांना गवारीच्या जागी गाजर द्यायचा आणि ते मुकाट्यानं घरी न्यायचे.

आता पाव्हण्याबद्दल सांगते. कानातलं मशीन नुसतं विकून भागत नाही. प्रत्येकाचा कान वेगळा, म्हणून ते कॉम्प्युटरला जोडून त्या माणसाच्या मापाचं करून द्यावं लागतं. एक लहानशी डबी असते, तिची एक वायर मशीनला आणि दुसरी कॉम्प्युटरला. अण्णांची बरीच गिऱ्हाइकं जुनी, त्यांची मशिनंही जुनी, आणि ती सेट करायचा प्रोग्रॅम फक्त जुन्या विंडोजवर चालायचा. ज्यांनी तो प्रोग्रॅम काढला ते तो केव्हाच विसरून गेले होते. मग अण्णांनी काय करावं? लॅपटॉपमध्ये व्हर्च्युअल मशीन टाकलं. म्हणजे एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, खोटाखोटा कॉम्प्युटर. बाहेर नवीन विंडोज, आत एका चौकटीत जुनं विंडोज, आणि त्या बिचाऱ्याला पत्ताच नाही की आपण दुसऱ्याच्या घरात राहतोय. यात बाहेरच्याला होस्ट म्हणतात आणि आतल्याला गेस्ट. अण्णांनी सरळ मराठी करून टाकलं. पाव्हणं!

आणि एकदा पाव्हणं म्हटलं की मराठवाड्यात पुढचं सगळं आलंच. सकाळी ते सुरू करताना अण्णा म्हणणार, "या पाव्हणं, बसा." सुरू व्हायला वेळ लागला तर, "दम खाऊ दे, लांबून आलंय." लॅपटॉपची अर्धी मेमरी त्यालाच दिलेली. मी म्हटलं, "अण्णा, एवढी कशाला? बाहेरचं सगळं रखडतंय." तर म्हणाले, "मग काय पाव्हण्याला जिन्याखाली झोपवतीस व्हय?" एकदा संध्याकाळी मी घाईघाईत चौकटीवरची फुली दाबून ते बंद करायला गेले, तर माझा हात धरला. "असं बखोट धरून बाहेर काढत्यात का कुणाला? रीतसर निरोप दे." मग जुन्या विंडोजच्या स्टार्टात जायचं, शट डाउन करायचं, आणि ते निघून जाईपर्यंत आम्ही दोघं उभे. मला वाटायचं, एखाद्या दिवशी हे त्याला जिन्यापर्यंत पोचवायला जातील.

जावयालाही अण्णा पाव्हणंच म्हणायचे, आपल्याकडं सासरे म्हणतात तसं. हे जरा लक्षात ठेवा. जावयाचं बीड बायपासला गाड्यांचं गॅरेज, नुकतंच मोठ्या जागेत हलवलेलं, आणि वर दोन खोल्यांत लेकीचा संसार. अण्णांचं घर गारखेड्यात, म्हणजे लांब नाही. पण लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. वडिलांनी नाही घेतलं, आजोबांनी नाही घेतलं, मी कसं घेऊ? लेकीला भेटायला जायचे ते पाण्याची बाटली बगलेत मारून. दारातच उभ्याउभ्या चौकशी करायचे आणि निघायचे. लेक दर खेपेला चहा टाकायची, दर खेपेला विचारायची, आणि अण्णा तेवढ्यापुरते बहिरे व्हायचे. बहिरेपणाचं सोंग आणलं की त्यांचा हात आपोआप कानाच्या पाळीकडं जायचा आणि ते ती चोळत बसायचे. ही खूण लेकीला माहीत होती, मला माहीत होती, बहुतेक बीड बायपासलाही माहीत असावी.

एकदा लेक दुकानात येऊन माझ्यापुढं रडली. "येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा विचारतो हा माणूस. माझा चहा आला की ह्याला ऐकू येत नाय. माझ्या घरात काय इटाळ हाय का ताई?" अण्णा घोंगड्यांच्या खोलीत जाऊन बसले होते. मला त्यांचा असा राग आला होता! रीत असेल हो, पण पोरीचं तोंड बघवत नव्हतं.

त्याच सुमाराला अण्णा फोन कायम स्पीकरवर ठेवायला लागले होते. रेंज नाही म्हणायचे आणि मोबाइल कंपनीला हळू आवाजात शिव्या घालायचे. माझ्या फोनला त्याच खिडकीत फुल रेंज असायची.

तर सगळी भानगड झाली लॅपटॉपवरून. जुना लॅपटॉप थकला होता, त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा, आणि कानाच्या माणसाला दुकानात गिरणी कशी खपावी? एक दिवस तो घरघरता घरघरता गप्प झाला तो कायमचाच. अण्णा त्याच दिवशी जाऊन नवा कोरा घेऊन आले. टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "कान लाव." मी लावला. काहीच नाही. "पंखाच नाय त्यात! दुकानदार म्हणला, प्रोसेसरच नव्या जातीचा हाय, तापत नाय. मग पंखा पायजे कामून?" एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर लेकीच्या लग्नाच्या फोटोतही बघितला नव्हता.

पाव्हण्याचं गाठोडं, म्हणजे त्या व्हर्च्युअल मशीनच्या सगळ्या फायली, अण्णांनी एका वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवल्या होत्या, आणि ती डिस्क काकूंच्या, म्हणजे अण्णांच्या बायकोच्या, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडं सोडलं, सगळं नव्या लॅपटॉपात उतरवलं, "या पाव्हणं, बसा" म्हटलं आणि बटण दाबलं. पाव्हणं आलंच नाही. पडद्यावर इंग्रजीत एवढंच आलं, की हे मशीन दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी आहे, इथं चालणार नाही.

आणि नेमके त्याच वेळी जिन्यात काठीचा आवाज आला. वेरूळकडचे एक धनगर बाबा आणि त्यांचा मुलगा वर येत होते.

हे बाबा अण्णांचे लाडके. आम्ही मशीन लावतो तेव्हा माणसाचं बोलणं नीट यावं म्हणून बाकीचा गलका दाबतो. बाबांना नेमका गलकाच हवा असायचा. "मान्साचं काय ऐकायचं हाय? मेंढराचं आलं पायजे." पुढं चालणाऱ्या मेंढीच्या गळ्यातली घंटी, मागं राहिलेल्या कोकराचं ओरडणं. दुसऱ्या दुकानात त्यांना हसले होते. अण्णा हसले नाहीत. बाबांना मेंढीची घंटी घेऊन बोलावलं, घोंगड्यांच्या खोलीत बसवलं, आणि सबंध दुपार ती घंटी वाजवून वाजवून मशीन तिच्या मापाचं केलं. पुढं वयानं बाबांचा कान आणखी उतरला. कुठल्याशा शिबिरात नवं मशीन फुकट मिळालं, ते घातलं. आता मुलगा सांगत होता आणि बाबा आमच्या तोंडाकडं बघत होते.

"नव्या मशिनीत मान्सं लई बोलत्यात, पन मेंढरं मुकी झाली म्हन्तो बाबा. परवा दोन कोकरं मागं राहिली, ह्याला ऐकू आलं नाय. कुत्र्यांनी धरली. आता बास झालं. उद्या बाजाराला व्यापारी येनार हाय, मेंढरं दिऊन टाकतो. बाबा बसंल घरी."

बाबांना यातलं काहीही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी खिशातून ती घंटी काढली, सोबत जुनं मशीन काढलं, दोन्ही टेबलावर ठेवलं आणि अण्णांकडं बघून हसले. शिबिराच्या मशीनमध्ये फारसं काही बदलायला जागाच नव्हती, ते अण्णांनी आधी बघून घेतलं. जुनंच वाढवून द्यायला पाहिजे होतं, आणि जुनं फक्त पाव्हण्यालाच येत होतं.

"आजचा दिवस थांब," अण्णा मुलाला म्हणाले. "उद्याच्या आत करून देतो. बाबाची मेंढरं गेली तर बाबा जाईल रं."

मला त्यांनी दोन वाक्यांत समजावलं. "प्रोसेसरची एक बोली आसती. पाव्हण्याला जुनीच बोली येती. आजवर घरवाल्याची बी तीच होती, नुसती खोली दिली की भागत होतं. हे नवं घर बोलतंय कानडी."

"मग आता?"

"दुभाषा बसवायचा."

तसाही एक प्रोग्रॅम असतो. पाव्हण्याचं एकेक वाक्य ऐकायचं, नव्या बोलीत सांगायचं, उत्तर आणायचं, परत जुन्या बोलीत सांगायचं. अण्णांनी तो बसवला. जुनं विंडोज आलं हो, पण कसं आलं! बाणाला इकडून तिकडं जायला इतका वेळ, की बाबांना खुर्चीत डुलकी लागली. शेवटी एकदाचा प्रोग्रॅम उघडला. डबी जोडली. डबीनं विचारलं, मशीन कुठंय? दुभाषा उत्तर घेऊन यायच्या आत डबी रुसली. उत्तर आलं नाही, म्हणाली, आणि बंद पडली. परत लावलं, परत रुसली. अण्णांच्या कपाळाला घाम आला. पंखा नव्हता ना.

तेवढ्यात काकूंचा फोन आला, जेवायला कधी येताय म्हणून. अण्णा त्यांच्या त्या बारीक आवाजात म्हणाले, "जेवायचं कशाचं सुचतंय? पाव्हणं गेलं."

"आँ?"

"सकाळीच. नव्या जागंत जीवच धरला नाय त्यानं. लई केलं, उठंना."

आणि फोन ठेवला. मी तिथंच होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, इतकी आम्हाला त्या शब्दाची सवय झाली होती.

काकूंना नव्हती. त्यांच्या घरात पाव्हणं एकच. त्यांनी फोन टाकला आणि जो हंबरडा फोडला, सगळी गल्ली गोळा झाली. लेकीला फोन लावला, ती कपडे धूत होती, उचलला नाही. मग तर खात्रीच पटली. शेजारच्या दोन बायकांनी धरून काकूंना रिक्षात घातलं, रिक्षा बीड बायपासला नव्या गॅरेजसमोर थांबली, आणि काकूंना काय दिसावं? एका पांढऱ्या गाडीखालून जावयाचे दोन पाय बाहेर आलेले, हलत नाहीत. काकूंनी त्या पायांवर अंग टाकलं. जावई आतून ओरडला, "कोन हाय रे? पाना सुटला ना हातातून!" आणि गाडीखालून घसरत बाहेर आला तो सासूच्या पुढ्यात.

हे सगळं आम्हाला कळलं ते जावई मोटरसायकलवर शहागंजात येऊन जिना चढला तेव्हा. तोंडाला काळं ग्रीस, डोळ्यांत हसू आणि राग दोन्ही.

"मामा, मी गेलो म्हनं?"

अण्णांनी वर बघितलं. "तू न्हवं. हे," म्हणून लॅपटॉपकडं बोट केलं. मला आधी हसू आवरेना, मग जावयाला, मग धनगराच्या मुलाला. बाबा जागे झाले आणि सगळे हसतात म्हणून तेही हसले. अण्णा एकटे हसले नाहीत. त्यांचं लक्ष टेबलावरच्या घंटीकडं होतं.

जावयाला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग इतकंच ना? माज्याकडं गाड्या तपासायचा जुना डबडा लॅपटॉप हाय. जुनाच प्रोसेसर. आनून देतो आत्ता."

"नको," अण्णा म्हणाले.

"आवं, कामून?"

"लेकीच्या घरातली काडी घ्यायची नाय मला. मी दुसरा बघतो."

मी तणतणत खाली उतरले. गल्लीच्या तोंडाशी जुने कॉम्प्युटर विकणारा एक होता, त्याच्याकडं गेले. "पुराना अब्बी कां है बाजी," तो म्हणाला, "सब भंगार में गया. परसों आव, एकाध मंगाके रखता." परवा! उद्या तर बाजार. मी परत वर आले, तर जावई भिंतीला टेकून उभा, धनगराचा मुलगा घड्याळ बघतोय, बाबा घंटी रुमालात गुंडाळतायत, आणि अण्णा त्या रुसक्या डबीला अजून चुचकारतायत. माझं डोकंच सटकलं.

"अण्णा," मी म्हटलं, आणि मोठ्यानं म्हटलं, त्या दुकानात कधी कुणी इतक्या मोठ्यानं बोललं नसेल, "तुमचा नेम तुमच्यापाशी. तुम्ही काही घेऊ नका. पाव्हणं पाव्हण्याकडं मुक्कामाला चाललंय, त्यात तुमचं काय जातंय? तुम्ही नुसतं पोचवायला चला."

अण्णांनी हार्ड डिस्क लुगड्याच्या तुकड्यात बांधली, डबी खिशात टाकली आणि स्वतःची पाण्याची बाटली उचलली. "पोचवायला जाया हरकत नाय," म्हणाले.

बाबांना घेऊन गॅरेजमध्ये पोचलो तेव्हा काकू बाहेर बाजेवर बसून डोळे पुसत होत्या आणि अण्णांकडं बघायलाही तयार नव्हत्या. जावयानं ठोकाठोक बंद करायला लावली. तो लॅपटॉप खरोखरच डबडा होता, दोन बटणं गायब, आणि त्याचा पंखा आमच्या जुन्याहून मोठ्यानं घरघरत होता. अण्णा त्या घरघरीकडं अशा मायेनं बघत होते, की मला बघून नवल वाटलं. गाठोडं सोडलं. बटण दाबलं.

पाव्हणं आलं. दम न खाता आलं. जुन्या विंडोजचा तो निळा पडदा, ते हिरवं रान. आपल्याच बोलीचं घर मिळालं होतं त्याला. डबीनं विचारलं, मशीन कुठंय, आणि पटकन उत्तर मिळालं. अण्णा हळूच म्हणाले, "बसा पाव्हणं," आणि कामाला लागले.

बाबांना टायरच्या ढिगावर बसवलं, पाठ सगळ्यांकडं. जावई घंटी घेऊन लांब, पार गेटापाशी. अण्णा एक खूण करायचे, तो वाजवायचा, बाबा मान हलवायचे, नाही. थोडं वाढवलं, नाही. आणखी वाढवलं, मध्येच जरा कमी केलं, परत वाढवलं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. आणि मग जावयानं घंटी हलवली आणि बाबांची मान गर्रकन वळली. गेटाकडंच वळली. त्यांनी हात वर केला आणि नुसते म्हणाले, "चांदी!" चांदी म्हणजे त्यांची पुढं चालणारी मेंढी, तिच्याच गळ्यातली होती ती घंटी. बाबांचा मुलगा दुसरीकडं तोंड करून उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानं खिशातून फोन काढला आणि त्या व्यापाऱ्याला सांगितलं, येऊ नका, आमचा बेत बदललाय.

अण्णा अजून खाली मान घालून बारीकसारीक नीट करत होते. तेवढ्यात वरून लेक आली. हातात ताट, ताटात कप. ती जिन्याच्या पायथ्याशी थांबली. अण्णांची पाठ तिच्याकडं होती. का कुणास ठाऊक, तिनं हाक मारली नाही. अगदी अण्णांच्यासारख्याच बारीक आवाजात म्हणाली, "अण्णा, चहा घेणार का?"

अण्णा वळले नाहीत.

लेकीचं तोंड उतरलं. मी मनात म्हटलं, झालं यांचं सुरू, आणि त्यांच्या हाताकडं बघितलं. हात पाळीवर नव्हता. एक हात डबीवर होता, दुसरा माऊसवर. मान ताठ नव्हती, खांदे चोरलेले नव्हते, सोंगाची एकही खूण नव्हती. हा माणूस सोंग करत नव्हता. त्याला ऐकूच आलं नव्हतं. आणि ते स्पीकरवरचे फोन, ती रेंज, त्या शिव्या, सगळं एकदम माझ्या डोक्यात आलं.

तोच पलीकडून, अण्णांच्याही पलीकडून, टायरच्या ढिगावर पाठ करून बसलेले बाबा मोठ्यांदा म्हणाले, "आवं सायेब, पोरगी च्या इचारायली न्हवं!"

अण्णांनी आधी बाबांकडं बघितलं. मग सावकाश मागं वळून लेकीकडं बघितलं. ताटाकडं बघितलं. आम्ही सगळे त्यांच्याकडं बघत होतो, बाजेवरून काकूसुद्धा. आता या माणसापुढं दोनच वाटा होत्या. एक तर म्हणायचं, मला ऐकू आलं नाही. किंवा चहा घ्यायचा.

"ऐकलं की," अण्णा म्हणाले. "मी काय बहिरा हाय का? घेणारच होतो."

आणि त्यांनी कप उचलला. लेक ताट धरून तशीच उभी. अण्णांनी फुंकर मारली, एक घोट घेतला, दुसरा घेतला. लेकीचे डोळे भरले होते आणि ती पदर लावायलाही विसरली होती. कप रिकामा झाल्यावर ती तो घेऊन वळली, जिना चढायला लागली. जावयानं तोवर काम परत सुरू केलं होतं आणि ठोकाठोकीनं कान किटत होते. अण्णा आपल्या नेहमीच्या आवाजात, कुणालाच ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले, "आनखी आर्धा आसंल तर बघ."

"आणते!" जिन्याच्या वरच्या टोकावरून लेक ओरडली.

पुढच्या आठवड्यात मी अण्णांना घोंगड्यांच्या खोलीत बसवलं आणि मागं उभी राहून चहाचं विचारलं. नंतर कलपाचंही बोलून बघितलं. मग मी मशिनं काढली आणि त्यांच्यापुढं सगळ्यात नवं ठेवलं, मोबाइलवरूनच सेट होणारं, पाव्हणं नको, डबी नको, काही नको. अण्णांनी ते बाजूला सारलं आणि कपाटातून जुन्यातलं एक काढलं. तेच, जे फक्त पाव्हण्यालाच समजतं. मी वैतागले. "अण्णा, ते सेट करायला दर वेळी बीड बायपासला जावं लागेल!" ते कानाची पाळी चोळत राहिले.

आता दर महिन्याला दुकान लवकर बंद करून ते मशीन सेट करायला गॅरेजात जातात. हातात बाटली नसते. वर्षातून एकदा सेट केलं तरी भागतं, हे मला त्यांनीच शिकवलंय.